जत भागातलं पाच एकर कोरडवाहू: बांधावर चाऱ्याची झाडं लावली तर ज्वारी मार खाईल का?

जत_कोरडवाहू (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रान जत तालुक्यात, एकूण पाच एकर. तीन एकर मध्यम काळं, दीड-दोन फुटांवर मुरूम लागतो. दोन एकर माळ, माती जेमतेम वीतभर आणि खाली खडक. पाऊस ४५०-५०० मिमीच्या आगंमागं, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी, पुढं पिण्यापुरतं.

पीक: दीड एकरात खरिपाची बाजरी-तूर, बाकी दीड एकर खरिपात मोकळं ठेवून रब्बीला मालदांडी ज्वारी. जनावरं: २० उस्मानाबादी शेळ्या, ६ माडग्याळ मेंढ्या, एक खिलार गाय. फेब्रुवारी उजाडला की हिरवं संपतं. मार्च ते जून कडबा आणि विकतची वैरण, तिथंच सगळा नफा जातो.

म्हणून झाडं, पीक आणि शेळ्या एकत्र बसवायचा विचार आहे. नेमकं विचारायचं ते असं:

१. काळ्या रानाच्या बांधावर काय आणि माळावर काय?
२. ज्वारीवर सावली आणि मुळ्यांचा मार किती लांब जातो? तो कमी कसा करायचा?
३. सुबाभळीनं शेळ्यांचे केस गळतात म्हणतात. खरं किती?
४. रोपं शेळ्यांच्या तोंडातून वाचवायची कशी? रान एकच, जनावरं तिथंच.
५. पुढं झाड तोडायला परवानगी लागते का?

चार भिंतींतला सल्ला नको, कमी पाण्याच्या रानात टिकतं ते सांगा.

---

रानवाट_माण

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की झाड कुठं लावायचं हे आपोआप ठरतं.

सावलीचा हिशेब. आपल्याकडं रब्बीत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. जतच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारी तो क्षितिजापासून साधारण ४९-५० अंशांवर येतो. म्हणजे झाडाच्या उंचीच्या साधारण ८५ टक्के लांब सावली उत्तरेकडं पडते. ४ मीटर झाडाची दुपारची सावली साडेतीन मीटरच्या आत, २ मीटर झाडाची पावणेदोन मीटर. सकाळ-संध्याकाळची सावली लांब जाते, पण तेव्हा उन्हात जोर नसतो आणि ती एका जागी ठरतही नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पूर्व-पश्चिम ओळ लावली तर रब्बीतली सावली ओळीच्या उत्तरेच्या एकाच पट्ट्यात अडकते. तो पट्टा वैरणीला सोडायचा आणि बाकी रान मोकळं. दक्षिण-उत्तर ओळीची सावली सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला फिरते. नुकसान थोडं थोडं दोन्हीकडं वाटलं जातं. तुमच्याकडं ज्वारी मुख्य आहे, तेव्हा पूर्व-पश्चिम ओळ बरी. मात्र दक्षिणेच्या बांधावरचं झाड तुमच्या ज्वारीवर सावली टाकतं आणि उत्तरेच्या बांधावरचं शेजाऱ्याच्या. उत्तरेचा बांध आधी सोडा, नाहीतर वाद ठरलेला. तिथं लावायचंच असेल तर कमरेएवढी ठेवता येईल अशीच ओळ, आणि तीही हद्दीपासून दोन मीटर आत.

दुसरी गोष्ट, झाड उंच होऊच द्यायचं नाही. चाऱ्याच्या झाडाचा हाच फायदा आहे. छाटणीची वेळ पिकाला बांधून घ्या. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते, तेव्हा पेरणीच्या आठवडाभर आधी एक छाटणी. ज्वारी पोटरीत येते (कणीस पोंग्यात फुगतं) तेव्हा, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला दुसरी. खरिपातली एक जुलैअखेर. म्हणजे ज्वारीच्या नाजूक काळात झाड उघडं असतं. डिसेंबरनंतर हात लावू नका. पुढं जे फुटेल ते एप्रिल-मेचं हिरवं.

मुळ्या. इथं खरी अडचण तुमच्या रानाची आहे. खोल काळ्या रानात सुबाभळीचं सोटमूळ सरळ खाली जातं. तुमच्याकडं दीड-दोन फुटांवर मुरूम आहे, तिथं मूळ अडतं आणि आडवं पळतं, नेमकं ज्वारीच्या ओलीच्या थरात. उपाय चर. ओळीपासून १ मीटर अंतरावर, पिकाच्या बाजूला, १ फूट रुंद आणि मुरूम लागेपर्यंत खोल चर मे महिन्यात काढायचा. आडव्या मुळ्या कुदळीनं फोडू नका, कोयत्यानं स्वच्छ तोडा. चर मातीनं लगेच भरू नका. धसकटं, तुऱ्हाट्या, काडीकचरा भरा, वर थोडी माती. पहिल्या पावसात बांधावरून येणारं पाणी त्यात मुरतं, आणि मूळ पुन्हा तिकडं वळायला दोन वर्षं जातात. तेव्हा दर दोन वर्षांनी एकदा, आणि ओळीच्या दोन्ही बाजू एकाच वर्षी तोडू नका, झाड वठतं. दरवर्षी बळीराम नांगराचं एक तास ओळीलगत खोल घेतलं तरी आडव्या मुळ्या वरच्या थरात माजत नाहीत.

झाडालगतच्या दोन मीटरच्या पट्ट्यात ज्वारी आणि तूर नको. तूर तर मुळीच नको, ती स्वतःच खोल ओलीवर जगते. हुलगा, मटकी नाहीतर मारवेल गवत घाला.

आता परवडतं का ते आकड्यांत बघा. १२० मीटरचा दक्षिण बांध धरा. दोन मीटर पट्टा म्हणजे २४० चौरस मीटर, जवळजवळ अडीच गुंठे. एकरी सहा क्विंटल ज्वारी धरली तर गुंठ्याला १५ किलो. पट्टा पूर्ण गेला असं मानलं तरी ३५-४० किलो ज्वारी आणि तेवढ्याचा कडबा गेला. त्या बदल्यात दीड फुटावर एक अशी सुबाभळीची २४० झाडं. कोरडवाहूत दर छाटणीला झाडामागं किलोभर ओला पाला धरला आणि तीन छाटण्या झाल्या तर ७०० किलोच्या वर पाला. वर जळण वेगळं. हा पाला पावसाळ्यात मिळून उपयोग नाही, तो उन्हाळ्यापर्यंत न्यायचा कसा हे शिकलं तरच हिशेब बसतो. त्याचं पुढं कुणी लिहील तर बरं.

---

पशुवैद्य_सोलापूर

सुबाभळीचं खरं किती ते सांगतो. पानात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. शेळीच्या पहिल्या पोटात त्याचं रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होतो तो गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो. नुसती सुबाभूळ महिना-दीड महिना घातली की शेपटीचे, पाठीचे केस गळणं, लाळ, खाणं कमी होणं, गळ्याखाली गाठ, गाभण शेळीला अशक्त किंवा गाठ असलेलं करडू, अशी लक्षणं दिसतात. हे द्रव्य पचवणारे जीवाणू बऱ्याच रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात सापडतात, म्हणून काही कळपांना त्रास होत नाही. तुमच्या कळपात ते आहेत की नाही हे बाहेरून कळत नाही, तेव्हा मर्यादा पाळणं एवढंच हातात आहे.

मर्यादा अशी: दिवसाच्या एकूण कोरड्या खाद्याच्या पाव हिश्शापर्यंत. उस्मानाबादी मादी ३० किलोच्या आसपास. तिला दिवसाला साधारण १.१ ते १.२ किलो शुष्क खाद्य लागतं. त्याचा पाव भाग म्हणजे ३०० ग्रॅम शुष्क, म्हणजेच किलोभर ओला पाला. एवढंच. करडांना तीन महिन्यांच्या आत नको. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात निम्म्यावर आणा. कोवळे शेंडे आणि बी यांत मिमोसिन सगळ्यात जास्त, जुन्या पानात कमी. कापल्यावर रात्रभर सुकवून घातलं तर आणखी कमी होतं. केस गळायला लागले तर पाला बंद करा. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो. घोडा, ससा, कोंबडी यांना मुळीच देऊ नका.

आता वरचा हिशेब पुढं नेतो. २० शेळ्या, रोज २० किलो ओला पाला. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १२० दिवस, म्हणजे २,४०० किलो. झाडामागं वर्षाला तीन किलो धरले तर ८०० झाडं, ४०० मीटर ओळ. तेव्हा एका बांधावर सगळं भागणार नाही. उतारावरच्या आतल्या बांधांची लांबी मोजून बघा.

साठवण. डिसेंबरची छाटणी वाळवायला सगळ्यात चांगली: ऊन कोरडं, पाऊस नाही. फांद्या ताडपत्रीवर पसरा, उघड्या मातीवर नको. सुबाभळीचं पान वाळताना देठापासून आपोआप गळतं, मातीवर पसरलं तर निम्मं जातं. पहिल्या दिवशी ऊन, पुढचे दोन-तीन दिवस सावली. पान मुठीत दाबल्यावर कुडकुडलं आणि तरी हिरवं दिसलं की झालं. पिवळं पडलं म्हणजे उन्हात जास्त राहिलं. फांद्या हलक्या झोडपा, काड्या बाजूला काढा, पान गोणीत भरा. १०० किलो ओल्यापासून २५ ते ३० किलो वाळकं मिळतं. गोणी जमिनीवर न ठेवता लाकडाच्या फळीवर ठेवा, बुरशी आली तर तो पाला उकिरड्यावर टाका, शेळीपुढं नको. वाळका पाला दिवसाला शेळीमागं ३०० ग्रॅम, कडब्याच्या कुट्टीत मिसळून. कडब्यात प्रथिनं फार कमी असतात. पाल्यातल्या प्रथिनामुळं कडबाही जास्त पचतो, खरा फायदा तिथं आहे.

आणखी दोन धोके. ज्वारीचे कोवळे पोंगे आणि काढणीनंतरचा फुटवा, विशेषतः झाडालगत ओल कमी पडून खुरटलेला, यानं किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. तो पट्टा आधी कापून वाळवा, शेळ्या मोकळ्या सोडू नका. किराळ लागली तर पोट फुगतं, धाप लागते, झटके येतात, अर्ध्या तासातही जनावर जातं. शिरेतून औषध द्यावं लागतं, घरगुती उपायात वेळ घालवू नका. आणि कुंपणातली घाणेरी उपटून टाका, दुष्काळात भुकेलं जनावर ती खातं आणि कावीळ होऊन उन्हात कातडी सोलते.

---

माळरान_सांगोला

माळाचं मी सांगतो. दोन एकर वीतभर मातीवर बाजरी-मटकी ओढत बसू नका, ते रान गवत आणि झाडालाच चांगलं.

तुमचा चौथा प्रश्न इथंच सुटतो: शेळी जे झाड खात नाही ते आधी लावा. सीताफळ. शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, थंडीत पान गाळतं, हलक्या रानात येतं आणि फळ ऑगस्ट ते नोव्हेंबर, म्हणजे पावसाच्याच ओलीवर. ५ बाय ५ मीटरवर एकरी १६० झाडं. दोन्ही एकर एकदम घेऊ नका. पहिल्या वर्षी एकच एकर, कारण पहिल्या उन्हाळ्याचं पाणी. १६० रोपांना आठवड्याला १० लिटर म्हणजे १,६०० लिटर. फेब्रुवारी ते मे सोळा आठवडे, २५ हजार लिटरच्या घरात. पाच हजारांचे पाच टँकर. एवढी सोय आहे का ते बघून खड्डे काढा. बुंध्याभोवती चार बोटं जाड धसकटाचं किंवा गवताचं आच्छादन घातलं तर दहाचे सात लिटर करता येतात. आच्छादन बुंध्याला चिकटवू नका, वाळवी चढते.

खड्डे मेमध्ये, २ फूट लांब-रुंद-खोल, पंधरा दिवस उन्हात तापू द्या. तळात काडीकचरा, वर चांगली माती, १५ किलो कुजलेलं लेंडीखत, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट, किलोभर निंबोळी पेंड. लेंडीखत कच्चं नको, वाळवी आणि हुमणी दोन्ही येतात. तुमच्या २० शेळ्यांची वर्षाला तीन-साडेतीन टन लेंडी सहज निघते, म्हणजे १६० खड्ड्यांचं खत घरचंच.

झाडांच्या ओळी उताराला आडव्या, आणि दर दोन ओळींत एक सलग समतल चर. चराची माती खालच्या बाजूला, आणि मातीच्या त्या भरावावर स्टायलो आणि मारवेल. मारवेलचे ठोंब ४५ बाय ३० सेंटीमीटरवर, पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा आला की. स्टायलोचं बी एकरी दोन-अडीच किलो, टणक असतं. ८० अंश पाण्यात चार मिनिटं बुडवून वाळवा आणि वाळूत मिसळून फेका, वर माती ओढू नका. स्टायलो द्विदल आहे, गवताला नत्र पुरवतं. माळावर आपसूक कुसळी गवत असेल तर ते कुसळ धरायच्या आधी, सप्टेंबरात कापाच. कुसळ मेंढीच्या लोकरीत शिरून कातडीत घुसतं, तोंडात जखमा करतं.

काही जागा बोरीला ठेवा. गावठी बोर आधीच असेल तर तिच्यावर उमराणचा डोळा भरा. बोरीची छाटणी एप्रिल-मेमध्ये करावीच लागते, फळ नव्या फुटीवर येतं म्हणून. आणि नेमका तोच महिना पाल्याच्या टंचाईचा. छाटलेल्या फांद्या शेळ्यांपुढं टाका, दोन दिवसांत पाला साफ करतात. उरलेल्या काट्या जपून ठेवा, जूनच्या नव्या रोपांभोवती त्याच काट्यांची वई. एक छाटणी, वैरण आणि कुंपण दोन्ही.

अंजनाचा विचार जरूर करा. खडकातून मूळ घालणारं दुसरं एवढं चिवट झाड आपल्याकडं नाही आणि पाला शेळी-मेंढी आवडीनं खाते. पण वाढ फार सावकाश. पाला तोडण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. म्हणून एकरी दहा-बारा, माळाच्या कडेनं. ताजं बी जूनमध्ये जागेवरच टोका. पिशवीतल्या रोपाचं मूळ गुंडाळतं आणि खडकात ते पुढं जात नाही.

शेळ्यांपासून बचाव. उस्मानाबादी शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की पाच-साडेपाच फुटांवरचा शेंडा खाते, त्यामुळं कमरेएवढं झाड झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. पहिली तीन वर्षं माळावर चराई पूर्ण बंद, गवत कापूनच आणायचं. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार इथं माळ हिरवे झाले त्यात चराईबंदीचा वाटा मोठा होता. रोपाच्या बुंध्याला आणि खालच्या पानांना शेण-गोमूत्राचा दाट काला लावा, वासानं शेळी तोंड लावत नाही. पाऊस पडला की धुऊन जातो, म्हणून पावसाळ्यात दर दहा-बारा दिवसांनी परत. हद्दीवर निर्गुडी आणि घायपात. दोन्ही शेळी खात नाही. वेडी बाभूळ कुणी फुकट दिली तरी लावू नका. शेंगा गोड असतात, जनावरं खातात आणि बी लेंडीतून सगळ्या रानात जातं. मग ती काढता काढता माळ हातचा जातो.

मेंढ्या बसवायला धनगराला बोलावत असाल तर ते काळ्या रानात. नव्या झाडांच्या माळावर पहिली तीन वर्षं त्यांचा कळपही नको, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

---

मंगळवेढा_मालदांडी

सुबाभळीवर सगळे एकमत होताय म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. काळ्या रानाच्या बांधावर सुबाभूळ घालायला माझी मान्यता नाही. छाटणी एक महिना चुकली, माणसं मिळाली नाहीत, की शेंगा वाळतात आणि बी फुटून पिकात पडतं. ते कित्येक वर्षं जमिनीत जिवंत राहतं. कोळपणीत निघतं म्हणतात, पण पंजाएवढं झाल्यावर मूळ कोळप्याला दाद देत नाही. ज्याच्या घरात छाटायला दोन माणसं वर्षभर हजर आहेत त्यानंच ती लावावी.

दुसरं, तुडतुड्यांसारखी एक कीड कोवळ्या शेंड्यांवर बसते, शेंडे आखडतात, चिकट होतात. १९८८ पासून ती आपल्या देशात आहे. फवारणी करायची नाही, कारण पाला खाऊ घालायचा आहे. छाटून टाकणं एवढाच उपाय, म्हणजे ऐन हिवाळ्यात पाल्याचा एक तोडा जातो.

काळ्या रानाच्या बांधाला गिरिपुष्प घ्या, म्हणजे उंदीरमारी. बी आटोक्यात राहतं, पाला रानात टाकला तर नत्र मिळतं. एक टन ओल्या पाल्यातून पाच-सहा किलो नत्र. जूनमध्ये बोटापेक्षा जाड, हातभर-दीड हात लांब काड्या लावता येतात, पण काडीच्या झाडाचं मूळ उथळ राहतं. तुमच्या कोरड्या रानात बियांचं रोपच लावा. शेळ्या पहिल्यांदा वासामुळं खात नाहीत. रात्रभर सुकवून, थोडी भरड वर टाकून आठवडाभर द्या, सवय लागते.

मोठं झाड हवंच असेल तर रामकाठी बाभूळ. फांद्या वर जातात, छत्री होत नाही, सावली कमी. एप्रिल-मेमध्ये शेंगा मिळतात, औजाराचं लाकूड मिळतं. काळ्या रानात पाच-सहा झाडं, तीही दक्षिण-पश्चिम कोपऱ्याकडं.

आणि पाखरांचं कुणी बोललं नाही. बाजरीच्या रानालगत दाट झाडं असली की चिमण्या आणि पोपटांना बसायला जागा होते, दाणा दुधात असतानाच झाडाजवळच्या ओळी रिकाम्या होतात. बाजरीचं दीड एकर झाडांपासून लांबच्या बाजूला ठेवा, किंवा झाडाकडच्या कडेला केसाळ कणसाचा वाण घ्या.

---

जत_कोरडवाहू

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात छाटणीला दोन माणसं आहेत, त्यामुळं दक्षिण बांध आणि आतले दोन बांध सुबाभळीला, बाजरीकडचा बांध गिरिपुष्पाला आणि माळावर एक एकर सीताफळ, असं डोक्यात बसतंय. तीन शंका राहिल्या.

सुबाभळीची रोपं आणायची की बी टोकायचं? तोडीच्या परवानगीचं कुणी सांगितलं नाही. आणि शेजारी डाळिंबवाले आहेत, छाटणीचा डाळिंबाचा पाला फुकट न्या म्हणतात. शेळ्या-मेंढ्यांना चालेल का? काढणीनंतर बागेतलं गवतही चारून घ्या म्हणतात.

---

रानवाट_माण

बी टोका. रोपाला पाणी घालावं लागतं, टोकलेल्या बियाला नाही, जर वीस जूनच्या आसपास ओल धरली तर. बियाचं कवच टणक. पाणी उकळून खाली उतरवा, दोन-तीन मिनिटं निवू द्या, बी त्यात टाका, चार मिनिटांनी ते पाणी ओतून गार पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी फुगलेलं बी टोकायचं, न फुगलेलं परत त्याच मार्गानं. दीड फुटावर दोन बिया, बोटाच्या पेराएवढ्या खोल, त्याहून खोल गेल्या तर उगवत नाहीत. ८०० जागांना १,६०० बिया, सांडलवंड धरून पाव किलो पुरून उरतं. महिन्याभरानं एक रोप ठेवा.

पहिले दोन महिने सुबाभूळ फार सावकाश वाढते आणि तण तिला गिळतं. पुष्कळ ठिकाणी ओळ फसते ती इथंच. बी खराब होतं असं लोक समजतात. दोन खुरपण्या चुकवू नका. पहिल्या हिवाळ्यात कापू नका, मुळं बसू द्या. पहिली छाटणी पुढच्या जुलैत, बुंधा अंगठ्याएवढा झाल्यावर, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर, धारदार कोयत्यानं तिरपा घाव. बोथट कोयत्यानं साल सोलली गेली की खोडात पाणी शिरतं आणि तो डोळा मरतो.

मंगळवेढ्याच्या भाऊंचं शेंगांचं म्हणणं बरोबर आहे. हिरवी शेंग दिसली की छाटणीची तारीख बघत बसायचं नाही, ओळ कापायची.

---

सातबारा_कवठेमहांकाळ

परवानगीचं. महाराष्ट्रात झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत ठरावीक झाडं आहेत: साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, अंजन वगैरे. ही झाडं स्वतःच्या मालकीच्या रानात असली तरी तोडायला आधी लेखी परवानगी लागते. सुबाभूळ, गिरिपुष्प, बाभूळ त्या अनुसूचीत नाहीत. तुमच्या यादीतलं एकटं अंजन त्यात येतं. पाल्यासाठी लावताय तेव्हा अडचण नाही, पण लाकडाचा हिशेब धरून लावत असाल तर हे लक्षात ठेवा. कुठलंही मोठं झाड तोडण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा विचारून घ्या.

लावल्यावर ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावर पिकं नोंदवायचं सरकारी ॲप) बांधावरची झाडं आणि फळबाग दोन्ही नोंदवा. झाड कुणी लावलं यावरून पुढं वाटणीत किंवा शेजाऱ्याशी वाद झाला तर नोंद कामाला येते.

सीताफळाला रोजगार हमीतून फळबाग लागवड बसते का ते ग्रामपंचायतीत आणि कृषी सहायकाकडं मेच्या आधी विचारा. जॉबकार्ड लागतं, आणि मंजुरीच्या आधी खड्डे काढले तर त्या कामाची मजुरी मिळत नाही. पुढच्या वर्षांचे पैसे जिवंत झाडांवर अवलंबून असतात, तेव्हा मेलेल्या रोपाच्या जागी नांगे भरायला वीस-पंचवीस रोपं जास्तीची आणून सावलीत ठेवा.

---

पशुवैद्य_सोलापूर

डाळिंबाच्या बागेबाबत सावध राहा, विशेषतः माडग्याळ मेंढ्यांबाबत. डाळिंबावर तेल्या रोग आणि बुरशीसाठी बोर्डो मिश्रण आणि तांब्याची इतर औषधं वारंवार मारतात. ते तांबं पानावर आणि खालच्या गवतावर साठतं. मेंढीला तांबं फारच थोडं सहन होतं, शेळीला त्यापेक्षा बरंच जास्त. मेंढीच्या यकृतात ते आठवडेच्या आठवडे साठत राहतं आणि जनावर वरून ठणठणीत दिसतं. मग लांबची चाल, उपास, वीण असा ताण आला की एकदम रक्तात उतरतं: डोळे पिवळे, लघवी तांबडी-काळसर, दोन-तीन दिवसांत मेंढी जाते. त्या वेळी हातात फारसं काही राहत नाही.

म्हणून मेंढ्या त्या बागेत सोडूच नका, आणि तिथला पाला किंवा गवत कापूनही त्यांच्यापुढं घालू नका. शेळ्यांना द्यायचं असेल तर शेजाऱ्याला फवारणीची वही दाखवायला सांगा. कीटकनाशकाच्या डब्यावर काढणीपूर्वीचे जेवढे दिवस लिहिलेत तेवढे तरी उलटलेले असले पाहिजेत, आणि मध्ये एखादा चांगला पाऊस झालेला असावा. वही नसेल तर पाला घेऊ नका. मेंढ्यांना गाईचं क्षार मिश्रणही देऊ नका, त्यातही तांबं असतं. मेंढीचं वेगळं मिळतं.

माळावरच्या गवताबद्दल एक. तीन वर्षांनी चराई उघडाल तेव्हा पहिल्याच दिवशी भुकेला कळप कोवळ्या हिरव्यावर सोडू नका. आंत्रविषाराची लस मेच्या अखेरीस टोचून घ्या, सकाळी आधी कडबा खाऊ घाला, मग पहिले तीन-चार दिवस तासभरच चरायला सोडा. आणि दव वाळल्यावर सोडा, कारण जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या खालच्या चार बोटांत असतात. गवत हातभर असताना कळप आत घ्या, वीतभर राहिलं की बाहेर काढा. बांधावरचा पाला टांगून खाऊ घालायचा फायदाही हाच: तोंडाच्या उंचीवर जुडी बांधली की नासाडी कमी, आणि उंचावरच्या पाल्यात जंत नसतात.